दहा लाखांत एक

दहावीच्या निकालात ९९.९ टक्के पडले तर घरी पेढ्यांचे बॉक्स येतात आणि गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागतो. हाच आकडा मोटारीला सुटे भाग पुरवणाऱ्या माणसाने खरेदी विभागात जाऊन सांगून बघावा. बसायला खुर्चीसुद्धा मिळणार नाही.

का ते पाहू. टोयोटाच्या हिशेबाने, अगदी शेवटचा स्क्रू धरला तर एका मोटारीत सुमारे ३०,००० भाग असतात. समजा यातला प्रत्येक भाग ९९.९ टक्के भरवशाचा आहे, म्हणजे हजारात एकच खराब. तर प्रत्येक गाडीत सरासरी ३० खराब भाग बसले. मग ज्या गाडीत एकही खराब भाग नाही अशी गाडी किती गाड्यांमागे निघेल? ०.९९९ ला ०.९९९ ने गुणत जायचं, तीस हजार वेळा. उत्तर येतं सुमारे ११ लाख कोटी गाड्यांमागे एक. सगळ्या जगात मिळून वर्षाला ९ कोटींच्या वर मोटारी, ट्रक आणि बस तयार होतात. या वेगाने एक निर्दोष गाडी हाती यायला एक लाख वीस हजार वर्षं लागतील.

गुणवत्ता दहापट सुधारा, दहा हजारांत एक खराब. तरी शंभरातल्या पाचच गाड्या निर्दोष. आणखी दहापट सुधारा, लाखात एक. आता शंभरातल्या ७४. दहा लाखांत एकावर आलात की कुठे ९७ होतात, आणि तरीही शंभरातल्या तीन जणांच्या गाडीत काहीतरी वाईट असतंच. अर्थात तीस हजारांतला प्रत्येक भाग जिवाशी खेळणारा नसतो. पुष्कळसे खराब भाग जोडणीच्या वेळी बसतच नाहीत म्हणून सापडतात, आणि डॅशबोर्डखालची एखादी क्लिप सैल असली तर ती फार तर कुरकुरते. पण ब्रेकच्या नळीपासून क्लिपपर्यंत सगळ्यांचं गणित एकच असतं.

म्हणून या धंद्यात टक्क्यांची भाषा नाही. इथे पीपीएम चालतो, म्हणजे दहा लाख नगांमागे खराब किती. चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर इथल्या कुठल्याही क्वालिटी मॅनेजरला रात्री झोपेतून उठवून विचारा, या महिन्याचा पीपीएम तो डोळे न उघडता सांगेल. ज्या काळात स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे त्या काळात हा शब्द कोणी काढला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं. गाडी मिळाली हीच गुणवत्ता होती.

जगाचा वर्षाचा हिशेब मांडला तर ९ कोटी गाड्या गुणिले ३०,००० म्हणजे २ लाख ७० हजार कोटी भाग होतात. सगळ्या जगाने एक पीपीएम गाठला असं धरलं, जो प्रत्यक्षात कोणी सरसकट गाठलेला नाही, तरी वर्षाला २७ लाख खराब भाग गाड्यांत जाणार. एकाच असेंब्ली लाइनकडे पाहायचं तर चांगल्या लाइनवरून मिनिटाला एक गाडी उतरते. म्हणजे दर सेकंदाला ५०० भाग त्या लाइनच्या पोटात जात असतात. एक पीपीएम धरूनही दर ३३ मिनिटांनी एक वाईट भाग. चहाची सुट्टी ते जेवणाची सुट्टी एवढ्यात चार-पाच.

हे आकडे खाली कसे आणतात, ते एका पिनेवरून कळतं. पिनेचा व्यास २० मिलिमीटर आणि टॉलरन्स वर-खाली २० मायक्रॉन. म्हणजे खेळायला एकूण जागा ४० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तेव्हा ही जागा केसाच्या निम्म्याहून थोडी जास्त. ग्राइंडिंग मशीनमधून निघणारी कुठलेही दोन नग तंतोतंत सारखे नसतात. एक जरा जाड, एक जरा बारीक, बहुतेक मधोमध. हा जो फैलाव असतो त्याचं माप म्हणजे सिग्मा.

आपल्या पिनेचा सिग्मा ६.७ मायक्रॉन असेल, तर दहा लाखांत २,७०० पिना टॉलरन्सबाहेर जातात. हाच सिग्मा ५ मायक्रॉनवर आणला की २,७०० चे ६३ होतात. आणखी फक्त एक मायक्रॉन कमी करून ४ वर आणला की ६३ वरून एकाच्या आत, अर्ध्याच्या आसपास. एक मायक्रॉन म्हणजे केसाचा सत्तरावा भाग. तेवढ्यासाठी खराब माल शंभरपटीने कमी झाला. आणि सिग्मा ३.३ मायक्रॉन झाला, तर शंभर कोटींत दोन. फैलाव निम्मा केला, खराबी साडेतेरा लाख पटीने घटली. आयुष्यात इतकं उदार गणित दुसरीकडे कुठे भेटत नाही. पण हे गणित उलट्या दिशेनेही तितक्याच उदारपणे चालतं, आणि कारखान्यात बहुतेक वेळा उलटच चालतं.

कारण मशीन एका जागी थांबत नाही. ग्राइंडिंग व्हील झिजतं, कूलंट बदलतं, सकाळी थंड असलेला स्पिंडल दुपारी तापतो. फैलाव तेवढाच राहतो, पण सगळा ढीगच एका बाजूला सरकतो. मोटोरोलात १९८६ च्या सुमारास बिल स्मिथ यांनी सिक्स सिग्माची मांडणी केली तेव्हा ही सरक दीड सिग्मा धरली होती. आपल्या पिनेच्या बाबतीत ती होते ५ मायक्रॉन. तेवढ्याने शंभर कोटींत दोन असलेली खराबी दहा लाखांत ३.४ होते, म्हणजे १,७०० पट. सिक्स सिग्माबरोबर जो ३.४ चा आकडा सगळीकडे छापून येतो तो असा आलेला आहे. खरा सिक्स सिग्मा त्याहून कितीतरी कडक आहे, फक्त तो कोणाला टिकवता येत नाही.

हे ५ मायक्रॉन सरकायला यंत्रच बिघडावं लागतं असंही नाही. लांबी-रुंदीची सगळी मापं जगभर २० अंश सेल्सिअस तापमानाला धरायची असा संकेत आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन फुगतं. एप्रिलच्या दुपारी चाकणच्या शेडमध्ये पत्र्याखाली ४० अंश झाले, तर २० मिलिमीटरची पिन ४.६ मायक्रॉनने जाड होते. म्हणजे वर म्हटलेली सरक केवळ हवेने दिली. मोजायचं साधनही पोलादाचंच असेल आणि तेही तेवढंच तापलेलं असेल तर दोघांचं फुगणं एकमेकांत वजा होतं. गोची होते ती मशीनवरून नुकतीच उतरलेली गरम पिन एसी खोलीतल्या गार साधनावर ठेवल्यावर. म्हणून मेट्रॉलॉजीच्या खोलीत २० अंशांवर काटा बांधलेला असतो, आणि तपासायचे नग आधी तिथे नुसते ठेवून देतात. बाहेरून घाईने आलेला सुपरवायझर विचारतो, काय करताय? मोजणारा म्हणतो, गार होऊ देतोय. बाहेर ट्रक उभा असतो.

आणि मोजणाराही तपासावा लागतो. दहा पिना, तीन माणसं, प्रत्येकाने प्रत्येक पिन तीनदा मोजायची. नव्वद आकडे. आपण कितवी पिन मोजतोय हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. या नव्वद आकड्यांतून निघतं की टॉलरन्समधला किती हिस्सा मोजण्याच्या चुकीनेच खाल्लाय. दहा टक्क्यांच्या आत असेल तर साधन चांगलं, तीसच्या वर गेलं तर बाद. आपल्या ४० मायक्रॉनच्या जागेत दहा टक्के म्हणजे ४ मायक्रॉन. आयटीआयपासून हातात असतो तो साधा व्हर्नियर २० मायक्रॉनपेक्षा बारीक वाचतच नाही. म्हणजे अर्धा टॉलरन्स एका घरात. ज्या हत्याराला पिढ्यान्‌पिढ्या अचूकतेचं प्रतीक मानलं, ते या पिनेच्या दारातही उभं राहू शकत नाही.

एवढा खटाटोप कशाला, सगळेच नग तपासून वाईट तेवढे काढून टाकावेत, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पूर्वी कारखानदारांनाही तसंच वाटायचं. त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली माणसाच्या डोळ्यांची. क्वालिटीच्या क्षेत्रातला जुना ठोकताळा असा की डोळ्यांनी शंभर टक्के तपासणी केली तरी दोष सापडतात ते साधारण ऐंशी टक्के. हजार पीपीएमचा माल तपासला की दोनशे शिल्लक. दुसरा तपासनीस बसवला की चाळीस, तिसऱ्याने आठ. कागदावर हे ठीक आहे. प्रत्यक्षात दुसरा माणूस म्हणतो पहिल्याने बघितलंय, आणि पहिला म्हणतो पुढे दुसरा आहेच.

दुसरी अडचण निव्वळ संख्याशास्त्राची, आणि मला तरी ती जास्त हादरवणारी वाटते. नवीन भाग बड्या कंपनीला पुरवण्याआधी मंजुरी घ्यावी लागते. तिला पीपॅप म्हणतात, १८ मुद्द्यांची फाइल असते. त्यासाठी खऱ्या मशीनवर, खऱ्या माणसांकडून, खऱ्या वेगाने सलग किमान ३०० नग काढून दाखवायचे असतात. समजा तीनशेच्या तीनशे उत्तम निघाले. टाळ्या. पण यावरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खराबी एक टक्क्याच्या आत आहे. म्हणजे १०,००० पीपीएमच्या आत! एक पीपीएम आहे हे नग मोजून सिद्ध करायचं तर सलग ३० लाख नग निर्दोष निघावे लागतील. एका नगाला ३० सेकंद धरले तर २५,००० तास. एक माणूस, आठ तासांची पाळी, वर्षाला ३०० दिवस, तर दहा वर्षांच्या वर. तोवर ते मॉडेल बंद होऊन त्याची जाहिरात करणारा नटही म्हातारा झालेला असेल.

थोडक्यात, या पातळीवरची गुणवत्ता मालाकडे बघून दिसतच नाही. ती दिसते फक्त प्रक्रियेत, आणि प्रक्रिया दिसते फक्त नोंदींत. वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकांविषयी शॉप फ्लोअरवर जी चिडचिड असते, ‘काम कमी आणि कागदच जास्त’, ती माझ्या मते या एका मुद्द्यापाशी येऊन अडते. कागद हा इथे कामाचा पुरावा नसून डोळा आहे. तो डोळा मिटला किंवा त्यात कोणी धूळ फेकली की काय होतं ते पुढे येईलच.

या डोळ्याचा जन्म १६ मे १९२४ चा. त्या दिवशी अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक पानभर टिपण दिलं आणि त्यात पहिला कंट्रोल चार्ट काढून दाखवला. प्रक्रिया नेहमीसारखी डुलतेय की खरंच बिघडलीय, हे दोन रेघांच्या मध्ये ठिपके टाकून ओळखायचं. आजही मशीनशेजारी लटकणाऱ्या तक्त्यावर ऑपरेटर तासातासाला टाकतो ते ठिपके शूहार्टचेच.

मानकांचा इतिहास मात्र त्यामानाने अलीकडचा आणि जरा भाऊबंदकीचा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फोर्डचं वेगळं, जनरल मोटर्सचं वेगळं, क्रायस्लरचं वेगळं असे नियम होते. एकाच पुरवठादाराकडे तीन ऑडिटर तीन पुस्तकं घेऊन यायचे. १९९४ मध्ये तिघांनी मिळून क्यूएस ९००० काढलं. युरोपात जर्मनांचं निराळं होतं, फ्रेंचांचं निराळं, इटालियनांचं निराळं. या सगळ्यांची मोट १९९९ मध्ये आयएसओ टीएस १६९४९ म्हणून बांधली गेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याची जागा आयएटीएफ १६९४९ ने घेतली. त्या वेळी जगभरात ६५ हजारांहून जास्त प्रमाणपत्रं चालू होती. गंमत म्हणजे ज्या कंपनीच्या पद्धती या मानकाच्या पानापानांत मुरल्या आहेत ती टोयोटा हे मानक लिहिणाऱ्यांच्या टेबलावर नाही.

आता पीपीएम जमिनीवर उतरला की कसा दिसतो ते बघू. पुण्याच्या पट्ट्यात एक मध्यम पुरवठादार समजा वर्षाला ५० लाख बुश देतो आणि त्याला मर्यादा १० पीपीएमची आहे. म्हणजे आख्ख्या वर्षात ५० बुश. महिन्याला चार. एका सकाळी ग्राहकाच्या लाइनवर एक बुश सापडतो ज्याला आतून चॅम्फर, म्हणजे कडेची तिरकी कापणी, मारायचा राहिलाय. लाइनवरून फोटो येतो, मागोमाग फोन. चोवीस तासांत माल बंदिस्त करायचा, म्हणजे जिथे जिथे हा बुश असेल तिथे तिथे वेगळा काढायचा: लाइनवरच्या बिनमध्ये, ग्राहकाच्या स्टोअरमध्ये, रस्त्यात असलेल्या ट्रकमध्ये, आपल्या पॅकिंगमध्ये, मशीनशेजारच्या ट्रॉलीत. सगळे मिळून समजा ४० हजार. मग ग्राहकाच्या गोदामात एक लांब टेबल, वर ट्यूबलाइट, आणि समोरासमोर सहा पोरं. बुश उचलायचा, उजेडाकडे धरून आत बघायचं, बोटाने कड चाचपायची, हिरव्या मार्करचा ठिपका लावून पुढे. संशय आला की लाल बिन. एकाला १५ सेकंद धरले तर एकूण १६७ तास, म्हणजे एकवीस पाळ्या. सुटलेल्या एका चॅम्फरसाठी. त्यातही डोळे ते डोळेच, ऐंशी टक्क्यांचे.

खरी मजा त्यानंतर सुरू होते. फोर्डने १९८० च्या दशकात रुळवलेली आठ पायऱ्यांची पद्धत, जिला सगळे एट-डी म्हणतात, ती भरून द्यायची. ‘ऑपरेटरला समज दिली’ हे उत्तर चालत नाही, तरी ते दरवेळी आधी लिहिलं जातंच. मग ग्राहकाचा एसक्यूई, म्हणजे पुरवठादारांच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवणारा अभियंता, लाल पेनाने खाडाखोड करतो. चॅम्फर राहिला कसा? टूल तुटलं. तुटलेलं कळलं का नाही? मशीनला कळत नव्हतं. मग पुढच्या स्टेशनवर अशी पिन बसवा की चॅम्फर नसलेला बुश त्यावर बसणारच नाही. चारशे-पाचशे रुपयांची पिन. ती आधीच बसली असती तर एकवीस पाळ्या वाचल्या असत्या, पण ती सुचायला एक बुश सुटावा लागतो.

इथवरचे सगळे आकडे गाडी कारखान्याबाहेर पडेपर्यंतचे, ज्याला धंद्यात झीरो किलोमीटर म्हणतात. त्यानंतर काळाचा गुणाकार सुरू होतो. गाडी दोन लाख किलोमीटर चालली, सरासरी वेग ताशी ४० धरला, तर इंजिन ५,००० तास फिरलं. मिनिटाला २,००० फेरे धरले तर ६० कोटी फेरे. प्रत्येक व्हॉल्व्ह ३० कोटी वेळा उघडतो, म्हणजे त्याची स्प्रिंग तेवढ्या वेळा दबते. सोळा व्हॉल्व्ह असतील तर ४८० कोटी दाब. त्यातला एकही चुकून चालत नाही, कारण व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली तर इंजिन उघडावंच लागतं.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये तर आकडे आणखी विरळ हवेत जातात. गाड्यांच्या सुरक्षिततेचं जे मानक आहे, आयएसओ २६२६२, त्यातली सर्वांत कडक पायरी म्हणते की हार्डवेअरच्या आकस्मिक बिघाडाने सुरक्षा धोक्यात येण्याचं प्रमाण १० कोटी तासांत एकापेक्षा कमी हवं. १० कोटी तास म्हणजे ११,४०० वर्षं. हडप्पाच्याही कितीतरी आधी सुरू केलेलं यंत्र आजवर एकदा बिघडलं असतं. पण तेच सर्किट एक कोटी गाड्यांत बसवा आणि प्रत्येक गाडी वर्षाला ४०० तास चालवा. वर्षाला चाळीस बिघाड!

आणि एअरबॅगचा इन्फ्लेटर. त्याचं काम आयुष्यात एकदाच, तेही बहुतेक गाड्यांत कधीच नाही. धडक बसल्यापासून साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगवायची, पापणी लवते त्याच्या कितीतरी आधी. जपानच्या ताकाता कंपनीचे इन्फ्लेटर कारखान्यातून निघताना पास होते. त्यात वायू तयार करायला अमोनियम नायट्रेट वापरलं होतं, आणि बऱ्याच इन्फ्लेटरमध्ये ओलावा शोषणारं द्रव्य नव्हतं. दमट आणि उष्ण हवेत, वर्षानुवर्षं दिवसा तापत आणि रात्री निवत, ते रसायन बदलत गेलं. मग एखाद्या किरकोळ धडकेत ते ठरल्यापेक्षा वेगाने जळायचं आणि धातूचं कवच फुटून त्याचे तुकडे चालकाच्या गळ्या-चेहऱ्यात शिरायचे. अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, जगभरात १० कोटींच्या आसपास. भारतातही होंडाने ठिकठिकाणच्या ग्राहकांना गाड्या आणायला लावून ते बदलले. एकट्या अमेरिकेत २८ मृत्यूंची नोंद आहे. मृत्यूंचा आकडा इन्फ्लेटरच्या आकड्याने भागून बघितला तर तो एक पीपीएमच्याही आत येतो. ही भागाकाराची कृती केल्यावर पीपीएम या मापाविषयी माझ्या मनात जी अढी बसली ती गेलेली नाही.

ताकाताच्या बाबतीत केवळ रसायन फसलं नव्हतं. चाचण्यांचे खोटे अहवाल मोटार कंपन्यांना दिल्याचं कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत कबूल केलं, १०० कोटी डॉलरचा दंड आणि भरपाई मान्य केली, आणि जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. धूळ फेकणं म्हणालो ते हे.

डोळा मिटण्याचं उदाहरण त्याहून बोलकं आहे, कारण तिथे आकडे फार लहान आहेत.

धोक्याचा आधीच विचार करायचा म्हणून या मानकांत एफएमईए नावाचा तक्ता असतो. प्रत्येक संभाव्य बिघाडाला तीन गुण: परिणाम किती गंभीर, किती वेळा होईल, आणि आधी पकडता येईल का. प्रत्येकी एक ते दहा. तिन्हींचा गुणाकार, एक ते हजार. गंभीरता १०, म्हणजे माणूस मरू शकतो, पण क्वचित आणि बहुधा पकडता येईल म्हणून २ आणि २. गुणाकार ४०. दरवाजाची कुरकुर, गंभीरता २, वरचेवर होते म्हणून ५, पकडायला जरा अवघड म्हणून ४. गुणाकार ४०. बरीच वर्षं हे दोन चाळीस एकाच रांगेत बसले. २०१९ मध्ये अमेरिकी आणि जर्मन संस्थांनी मिळून नवी पुस्तिका काढली आणि गुणाकार सोडून गंभीरतेला अग्रक्रम दिला. पण गंभीरतेचा आकडाच चुकीचा टाकला तर पुढचं कोणतंच सूत्र वाचवत नाही.

जनरल मोटर्सने २००० च्या दशकात शेव्हर्ले कोबाल्टसारख्या काही छोट्या गाड्यांत एक इग्निशन स्विच वापरला. किल्ली फिरवायला लागणारा जोर १५ ते २५ न्यूटन-सेंटिमीटर असावा असं त्यांच्याच विनिर्देशात होतं. प्रत्यक्षात तो ४ ते १० भरत होता. हे चार किती, तर दहा सेंटिमीटरच्या दांडीला ४० ग्रॅमचं वजन टांगावं, तेवढं. जड जुडगा लटकत असेल आणि खड्डा आला किंवा गुडघा लागला, की किल्ली मागे सरकायची, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं आणि त्याबरोबर एअरबॅगचीही वीज जायची. नमुन्यांत जोर कमी भरतोय हे माहीत असूनही २००२ मध्ये स्विच मंजूर झाला होता. तक्रारी आल्या, पण चालती गाडी बंद पडणं हा कंपनीच्या आत ‘ग्राहकाच्या गैरसोयीचा’ प्रश्न मानला गेला, सुरक्षिततेचा नाही. म्हणजे तक्त्यातला दहा कोणीतरी खालच्या घरात लिहिला. एअरबॅगही त्याच किल्लीवर चालते, हे दोन विभागांत कोणी जोडून पाहिलं नाही.

२००६ मध्ये स्विचमधली स्प्रिंग आणि खिळीसारखा छोटा प्लंजर बदलून जोर वाढवण्यात आला. बदल मंजूर झाला, पण भागाचा क्रमांक मात्र जुनाच राहिला. भाग बदलला की क्रमांक बदलायचा, हे कुठल्याही कारखान्यात नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि क्यूएस ९००० लिहिणाऱ्या तिघांपैकी एक कंपनी हीच होती. परिणाम असा झाला की पुढची कित्येक वर्षं कंपनीचेच तपास करणारे लोक चक्रावून बसले. जुन्या गाड्यांत एअरबॅग उघडत नाही, २००८ नंतरच्या गाड्यांत उघडते, आणि कागदावर तर स्विच एकच! अखेर एका खटल्यात फिर्यादीच्या बाजूने काम करणाऱ्या बाहेरच्या अभियंत्याने जुना स्विच आणि दुकानातून विकत आणलेला नवा स्विच शेजारी ठेवून उघडले. नव्यातला प्लंजर दीडएक मिलिमीटरने लांब होता. जो उद्योग पिनेतल्या एका मायक्रॉनसाठी खोली २० अंशांवर ठेवतो, त्याच्या नजरेतून दीड हजार मायक्रॉन सात वर्षं सुटले होते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावायला सुरुवात झाली आणि आकडा २६ लाखांवर गेला. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यू आणि २७५ जखमी मान्य केले, सुमारे ५९ कोटी ४५ लाख डॉलर वाटले. २०१५ मध्ये अमेरिकी न्याय खात्याशी झालेल्या समझोत्यात आणखी ९० कोटी डॉलर गेले. अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत नव्या भागाची किंमत सांगितली गेली ती ५७ सेंट. सगळ्या २६ लाख गाड्यांना लावला असता तर १५ लाख डॉलरसुद्धा झाले नसते.